उपाशी माती

फोटो छानच होता. ऑगस्टमधलं ओलंगच्च पठार, मागे खाली उतरलेले ढग, पुढे ओळीने उभी आमच्या सोसायटीतली माणसं, पायांना पोटरीपर्यंत चिखल आणि प्रत्येकाच्या हातात काळ्या पिशवीतलं एकेक रोप. मधोमध काका, हातात पहार. खाली ग्रुपवर अंगठे आणि हिरवी हृदयं यांची रांग लागली होती. मीही कौतुकाने बघत होते. बघता बघता नजर उजव्या कोपऱ्यात गेली. तिथे एक घमेलं कलंडलं होतं आणि त्याच्या कडेला खड्ड्यातून काढलेलं ढेकूळ उलटं पडलं होतं, मुळं वर आणि पाती खाली. ढेकळाखालून तांबूस तंतूंचा एक झुपका बाहेर आला होता. दोन बोटांनी फोटो मोठा केला. तंतूंवर बारीक बारीक थेंब चमकत होते. पावसाचे असते तर शेजारच्या गवतावरही दिसले असते. गवत मातीने बरबटलेलं होतं. थेंब फक्त त्या तंतूंवर होते.

गवती दवबिंदू होता तो, चिकट थेंबांनी किडे पकडणारं एक इवलंसं झाड.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. पण ते ढेकूळ मनातून जाईना. भाजी चिरताना, बसमध्ये, रात्री दिवा मालवल्यावर पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांपुढे यायचं. फोटोतल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पहाटे पाचला उठून, स्वतःच्या गाडीत शेणखताच्या गोण्या घालून, घाटमाथ्यापर्यंत जाऊन भर पावसात खड्डे खणणाऱ्या माणसांवर कसं रागावणार? आणि रागावले नाही तर त्या झुपक्याचं काय?

काकांबद्दल आधी सांगायला हवं. ते बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातात, दोन्ही हातांत पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन. एप्रिल-मेमध्ये टेकडीवरची माती पायाखाली पिठासारखी उडते, तेव्हा हा माणूस वाकून एकेका झाडाच्या आळ्यात पाणी घालतो, वर पालापाचोळा पसरतो, भोवती दगड नीट लावतो. वणवा लागला की ओली फांदी घेऊन धावणाऱ्यांत ते असतात. पुण्यात अशी माणसं बरीच आहेत. त्यांची नावं कुठे लागत नाहीत, पण टेकडीवरच्या कितीतरी झाडांच्या सावलीत त्यांचा घाम आहे. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो. त्या टेकडीवर चालताना मात्र एक गोष्ट नेहमी खुपते. काही उतारांवर एके काळी हिरवाई लवकर यावी म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. ते वाढलं, पसरलं, आज लांबून टेकडी हिरवीगार दिसते. त्याच्या खाली उभं राहून बघितलं तर जमिनीवर फारसं काही नसतं. शेजारच्याच मोकळ्या माळावर मात्र पावसाळ्यात गवतात इतकी बारीक फुलं असतात की पाऊल कुठे टाकावं कळत नाही. हिरवं झालं म्हणजे बरं झालं, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे.

दवबिंदू मी पहिल्यांदा बघितला तो कासच्या पठारावर, बीएस्सीला असताना. तेव्हा तिथे तिकीट नव्हतं, कुंपण नव्हतं, गाड्यांच्या रांगा तर नव्हत्याच. साताऱ्याहून एसटीने वर गेलो. धुकं इतकं की पुढच्या मुलीची छत्री दिसत होती, मुलगी दिसत नव्हती. आम्ही फुलं शोधत उभ्या उभ्या फिरत होतो आणि सर एकदम म्हणाले, "उभं राहून पठार दिसत नाही. झोपा." आम्हाला वाटलं बसा म्हणतायत. "बसू नका, झोपा. पोटावर." ओल्या कातळावर, पाणी झिरपत असलेल्या जमिनीवर, आम्ही कुरकुरत आडव्या झालो. रेनकोटच्या आतून गारवा पोटापर्यंत आला. सरांनी भिंग हातात दिलं आणि नाकासमोर बोट ठेवलं.

मातीला चिकटून बसलेला लालभडक पानांचा एक गोल होता, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. प्रत्येक पान देठाशी निमुळतं आणि टोकाशी पसरट. पानावर केसांसारखे उभे तंतू, प्रत्येक तंतूच्या टोकाला गुंडी आणि गुंडीवर एक स्वच्छ, गोल थेंब. भिंगातून त्या थेंबात उलटं आभाळ दिसत होतं. मी श्वास सोडला तरी थेंब हलले नाहीत. पावसाची भुरभुर चालूच होती, तिचे थेंब पानावर पडायचे, फुटायचे, ओघळून जायचे. पान तसंच. मग एक चिलट आलं. डासाच्याही निम्म्याने असेल. ते कडेच्या एका थेंबावर टेकलं आणि उडायला गेलं तेव्हा थेंबातून चकाकता धागा ओढला गेला. त्याने दुसरा पाय टेकवला, तोही गुंतला. कडेचे लांब तंतू आत वळायला लागले. मी ते वळताना बघितलं, डोळ्यांनी. झाड हलताना बघायची आपल्याला सवय नसते. वाऱ्याने हलणं वेगळं. हे स्वतःहून होतं, आणि काही सेकंदांत झालं. माझ्या शेजारची मैत्रीण "ई गं" म्हणाली आणि पुन्हा भिंगात डोळा घालून बसली. मला त्या चिलटाची दया येत होती आणि नजरही काढवत नव्हती. आजही दोन्ही होतं.

त्या दिवशी कुणालाही एकही रोप उपटू दिलं नाही सरांनी. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहासाठी, एक तरी घेऊ, म्हणून आम्ही मागे लागलो. ते म्हणाले, वर्तमानपत्रात दाबला की हा कागदालाच चिकटतो, थेंब जातात, रंग जातो, मग हातात काय उरलं? चित्र काढा. माझ्या जर्नलमध्ये ते चित्र अजून आहे, पेन्सिलचं, थोडं ओल लागून फुगलेलं.

हा गोल दवबिंदू, ड्रोसेरा बर्मानी. दुसरा गवती दवबिंदू, ड्रोसेरा इंडिका. तो उभा वाढतो, वीतभर, पानं दोऱ्यासारखी लांब आणि कोवळ्या पानाचं टोक गुंडाळलेलं. गवतात उभा असतो तेव्हा लक्ष गेलं नाही तर दिसत नाही, आणि सकाळचं तिरपं ऊन पडलं तर दुसरं काही दिसत नाही. जगात दवबिंदूच्या दोनशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या सर्वाधिक ऑस्ट्रेलियात. भारताच्या वाट्याला आल्या त्या अगदी मोजक्या, पण आपल्या घाटमाथ्याच्या वाट्याला त्यातल्या या दोन आल्या, याचा मला फार आनंद वाटतो. आणि पुण्याचं या झाडांशी जुनं नातं आहे. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जाडजूड नोंद १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या फुलांचा अभ्यास करणारे आजही ती उघडतात. आघारकर संस्थेत, कोरेगाव पार्कजवळच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात सह्याद्रीतली वाळवलेली झाडं जपून ठेवलेली आहेत. या शहराला पठारं माहीत नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही.

या झाडाने वेड लावलेल्या माणसांत सगळ्यात मोठं नाव डार्विनचं. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळावर त्याने तिकडच्या जातीचा, गोल पानांचा दवबिंदू बघितला, त्यावर माश्या किती अडकल्यात ते बघून थक्क झाला, आणि कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक यायला १८७५ उजाडलं. मधल्या पंधरा वर्षांत त्याने पानांवर काय काय ठेवून बघितलं! मांसाचे कण, अंड्यातला पांढरा बलक, दूध, आणि दुसऱ्या बाजूला साखर, डिंक, पिष्ट, ऑलिव्हचं तेल. ज्यात नायट्रोजन आहे त्यावर तंतू वळले. ज्यात नाही त्यावर नाही वळले. माणसाच्या केसाचा एक तुकडा, वजन ०.०००८२२ मिलिग्रॅम, एवढ्यानेही तंतू वाकला. आणि पावसाच्या टपोऱ्या थेंबाने वाकला नाही. हे वाचलं तेव्हा मी कासला पोटावर झोपून जे बघितलं होतं त्याचा अर्थ लागला. केवढं बारीक पारखणं आहे हे. रोज धो धो पाऊस अंगावर घेणाऱ्या झाडाने प्रत्येक थेंबाला हात मिटायचे ठरवले असते तर ते थकूनच गेलं असतं.

लोक त्याला मांसाहारी म्हणतात आणि मग पोट, भूक, शिकार असं सगळं डोक्यात येतं. प्रत्यक्षात ऊर्जेसाठी ते इतर झाडांसारखंच उन्हावर जगतं. पान हिरवं असतं, लाल रंगाखाली. साखर ते स्वतः करतं. कीटकातून त्याला हवा असतो नायट्रोजन आणि फॉस्फरस. चिकट थेंबात आणि पाचक रसांत किडा विरघळतो, पान तो रस शोषतं, आणि काही दिवसांनी तंतू पुन्हा सरळ होतात तेव्हा पानावर एक पोकळ कवच तेवढं राहतं. मुळं अगदी जेमतेम, पाण्यापुरती आणि धरून ठेवण्यापुरती. जमिनीतून जे मिळायला हवं ते जमिनीत नाहीच, म्हणून ते हवेतून पकडायचं. आणि फुलं मात्र उंच काठीवर, पानांपासून लांब, म्हणजे परागीभवनाला येणारा पाहुणा खाली अडकू नये. सकाळी ऊन आलं की उमलतात, थोडे तास राहतात.

जमिनीत का नाही, हे पठारावर गेल्याशिवाय कळत नाही. खाली बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. काही पठारांवर त्याच्या माथ्याला जांभ्याचा थर. त्यावर माती म्हणाल तर कुठे बोटभर, कुठे दोन बोटं, बऱ्याच ठिकाणी तेवढीही नाही. त्यावर चार महिने पाऊस कोसळतो. जे काही विरघळण्यासारखं असतं ते कड्यावरून कोकणात वाहून जातं. उरलेला फॉस्फरस लोह धरून बसतं. माती पाण्याने इतकी तुंबलेली की मुळांना हवा मिळत नाही. आणि मग दिवाळीनंतर हीच जागा कोरडी पडायला लागते, मार्चपासून कातळ असा तापतो की चपलेच्या तळव्यातून चटका बसतो. मोठ्या झाडाने तिथे काय करावं? म्हणून मोठी झाडं तिथे नाहीत. आहेत ती चार महिन्यांत जन्मून, फुलून, बी टाकून मोकळी होणारी. गेंदाचे पांढरे मणी, निळीजांभळी सीतेची आसवं, नभाळी, सोनकी, तेरडा. सीतेची आसवंसुद्धा कीटकभक्षी आहेत. त्यांच्या पिशव्या ओल्या मातीत लपलेल्या असतात आणि एक मिलिसेकंदाच्या आत सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. वर नाजूक निळं फूल, ज्याचे फोटो आपण काढतो, आणि खाली हे. उपाशी जमिनीने प्रत्येकाला काही ना काही युक्ती शिकवली आहे.

इथे गरिबी हीच राखण आहे. जमीन सुपीक झाली की उंच गवत आणि तण येतं, सावली पडते, आणि बोटभर उंचीचं झाड त्यात गुदमरतं. दवबिंदूला कुणी मारायची गरज नाही. त्याच्या शेजाऱ्यांना पोटभर वाढलं की पुरे. स्वीडनच्या दलदलीत असंच दिसलं आहे. जिथे प्रदूषणामुळे पावसातूनच जास्त नायट्रोजन जमिनीवर पडतो, तिथला दवबिंदू कीटकांवर कमी अवलंबून राहतो, मुळांतून आयतं घ्यायला लागतो. थोडक्यात त्याची खुबीच सैलावते. ती सैलावली की मग इतर झाडांशी साध्या बळावर झुंजायचं, आणि त्या झुंजीत हा टिकणारा नव्हे.

हे घरातही बघितलं. माझ्या भाच्याला वाढदिवसाला दवबिंदूचं रोप मिळालं होतं, ऑनलाइन मागवलेलं, दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातली जात. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ते मस्त चालू होतं. भाचा पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवायचा, कारण त्याने कुठेतरी बघितलं होतं की नळाच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत. माश्या पकडल्या की शाळेतून आलेल्या मित्रांना बोलावून दाखवायचा. मग तो शिबिराला गेला आणि वहिनींनी, बिचारं वाळकुडं दिसतंय म्हणून, कुंडीत चमचाभर गांडूळखत घातलं. त्यांच्या हाताला यश आहे. त्यांचा मोगरा बघायला लोक येतात. दवबिंदूच्या पानांवरचे थेंब आधी गेले, मग कडा काळ्या पडल्या. भाचा परत आला तेव्हा कुंडीत हिरवं शेवाळ आणि मधे एक काळी काडी होती. वहिनी कितीतरी दिवस म्हणत होत्या, "अगं, मी तर खायला घातलं त्याला." त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं.

सप्टेंबरमध्ये मी त्या पठारावर गेले. नाव लिहीत नाही. मावळ-मुळशीकडचं एक पठार, एवढं पुरे. नाव लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे कोण आणि किती येतं ते कास झाल्यानंतर आपल्याला माहीत आहे. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास होतं, आणि त्यानंतर तिथल्या गर्दीला आवर घालता घालता सगळ्यांची दमछाक झाली. कुंपण घातलं, गुरं थांबली, मग गवत माजून फुलं कमी झाली की काय यावरून वाद झाला. चराई नको की हवी, किती हवी, याचं सोपं उत्तर नाही. माझं मत विचाराल तर गवळ्याच्या म्हशींनी त्या पठाराचं जेवढं नुकसान केलं असेल त्याहून जास्त आमच्या शहरी बुटांनी केलं आहे.

खड्डे शोधायला वेळ लागला नाही. प्रत्येक खड्ड्याभोवती रिंगण स्पष्ट दिसत होतं. आत वड, करंज, कडुनिंब, एखादा बहावा, काठीला सुतळीने बांधलेला. आळ्यातली माती तांबूस, बाहेरून आणलेली, तिच्यात शेणखताचे गोळे अजून दिसत होते. पावसाने ती माती उताराच्या दिशेने ओघळली होती आणि ओघळ जिथवर गेला तिथवर गवत गुडघाभर, हिरवंकच्च. त्यात टाकळा होता. त्यात गाजरगवत होतं, फुलावर आलेलं. पठारावर इतरत्र मला ते कुठे दिसलं नाही, गोणीतूनच आलं असणार. मी ओघळाच्या कडेने रांगत गेले. हिरव्या गवतात दवबिंदू एकही नाही. कडेला, जिथे गवत विरळ होत जातं तिथे, दोन-चार काड्या, फिकट, थेंब नसल्यात जमा. आणि तिथून दोन हात पलीकडे, काळ्या ओल्या कातळाच्या बशीत, जिथे माती बोटभर होती, तिथे तांबड्या तंतूंची दाटी. प्रत्येकाच्या माथ्यावर फिकट गुलाबी पाच पाकळ्यांचं फूल. एका पानावर मुंगीचं कवच, दुसऱ्यावर एक पंख. उताराच्या त्या बाजूला अजून ओघळ पोचला नव्हता.

"काय हरवलं व्हय, बाई?" मागून आवाज आला. म्हशींमागून येणारी एक आजी, डोक्यावर पोत्याची खोळ. नाही हो, हे बघतेय, म्हटलं. त्या वाकल्या. "ह्ये व्हय. ह्येला माशी चिकाटती. पोरं ह्येच्यावर मुंगी सोडत्यात." मग काठीने खड्ड्यांकडे दाखवून म्हणाल्या, "झाडं लावली पुन्याच्या लोकांनी. मानसं चांगली, आमाला बी चा दिला. पर म्हशीचा पाय ग्येला खड्ड्यात तर काय, म्हून आता हिकडनं न्हेत न्हाय." झाडं वाढली तर सावली होईल की, मी विचारलं. त्या हसल्या. "हितं? वारा ऱ्हाऊ दील व्हय?" आणि म्हशींमागे निघून गेल्या. त्या पठारावर आयुष्य काढलेल्या बाईला तिथे झाड का नाही हे ठाऊक होतं. आम्ही कुणी तिला विचारलंच नव्हतं.

सातबाऱ्यावर अशा जमिनी पोटखराब्यात जातात. लागवडीला निरुपयोगी, आकारणी नाही. आणि ज्याची आकारणी नाही ते रिकामं, असं आपण धरून चालतो. मग रिकामी जागा भरायला कुणीतरी येतंच. कुणी फार्महाऊसचे प्लॉट पाडतं, वरून ट्रकने माती ओतून लॉन करतं. कुणी मुरूम उचलतं. कुणी प्रेमाने झाडं लावतं. प्लॉट पाडणाऱ्याशी भांडता येतं, निदान भांडायचं काय ते कळतं. प्रेमाने लावलेल्या झाडाशी कसं भांडायचं? वनस्पतींचे अभ्यासक किती वर्षं सांगतायत की माळ आणि कातळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे, त्यांचं स्वतःचं पुरं जग आहे. पण ते जग घोट्यापर्यंतच्या उंचीचं आहे आणि वर्षातले आठ महिने बियांच्या रूपात भेगांत पडून असतं. रविवारच्या दुपारी उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला तिथे दगडच दिसणार.

काकांकडे गेले ते फोनमधले फोटो घेऊन. काकूंनी चहा ठेवला. काका चष्मा लावून प्रत्येक फोटो बराच वेळ बघत होते. दवबिंदूचा जवळून काढलेला फोटो बघून म्हणाले, "हे आपल्याकडे आहे?" मग ओघळाचा फोटो. मग खड्ड्याचा. मी जमेल तसं सांगितलं, मातीचं, खताचं, तणाचं. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "अगं, पण मे महिन्यात तिथे जा. एक सावली नाही. गुरं, माणसं, पाखरं, कुणी बसायचं कुठे?" मी आजींचं बोलणं सांगितलं. "आणि पाऊस झाडांमुळे धरतो ना?" मी म्हटलं, काका, त्या पठाराच्या भेगांतून झिरपणारं पाणीच खालच्या गावाच्या झऱ्याला येतं. तिथे झाड नसलं तरी पाणी धरायचं काम चालू आहे. यावर ते काही बोलले नाहीत. पटलं असंही म्हणाले नाहीत, नाही असंही नाही. काकू आतून म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी खालच्या रस्त्याला लावा की. शाळेपाशी. तिथे पोरांना ऊन लागतं." काकांनी मान हलवली. हे एवढं मात्र लगेच ठरलं.

अवघड पुढेच होतं. लावलेल्या झाडांचं काय? बरीच जगली आहेत. वडाला नवी पालवी फुटली होती, मी स्वतः बघितली, लालसर कोवळी. "जगलेलं झाड उपटायला माझा हात धजणार नाही," काका म्हणाले. "तुझा धजेल?" मी हो म्हणू शकले नाही. मुळं अजून पिशवीच्या आकारात आहेत तोवर अलगद काढून खाली शाळेच्या रस्त्याला नेता येतील, बाहेरून आलेली माती खरवडून गोणीत भरून परत आणता येईल, गाजरगवत बी धरायच्या आत उपटता येईल. मी हे सगळं सांगितलं आणि त्यासाठी माझे रविवार देईन असंही. काका म्हणाले, बाकीच्यांना विचारतो, पोरांनी हौसेने लावलीत, प्रत्येकाच्या झाडाला त्याच्या आजी-आजोबांचं नाव दिलंय. ते मला माहीत नव्हतं. एका करंजाला काकांच्या आईचं नाव आहे.

उन्हाळ्यात या झाडांना टँकरने पाणी द्यायचं ठरलेलं आहे आणि वर्गणीची वही काकांकडेच असते. माझे पैसे शाळेच्या रस्त्यासाठी लिहा, पठारावरच्या टँकरसाठी मी देणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते लागलं, चेहऱ्यावर दिसलं. तरी त्यांनी वही काढली, नवं पान घेतलं, वर 'शाळा रस्ता' लिहिलं आणि खाली माझं नाव. आधीच्या पानावर टँकरची नावं आहेत, यादी बरीच मोठी आहे. झाडं हलवायची की नाही याची बैठक दसऱ्यानंतर आहे. तोवर दवबिंदूचं बी पडून गेलेलं असेल, म्हणून मी काकांना एवढंच मागितलं की त्याआधी एकदा, ऊन वर यायच्या आत, माझ्याबरोबर तिथे चला. ते हो म्हणाले आहेत, गुडघ्याचं दुखणं कमी झालं की.